सरोजताई, तुझा कागद मी बदलला होता

ताई, तुझ्या मागं, तुझ्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानायला झालेल्या उपकारस्तुतीच्या सभेत काय घडलं, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. पण ते शेवटी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुधा, मुद्द्यावर येता येता लोकाईचं जेवन थंडं करतो तू." होऊ दे थंडं. जन्मभर तू बोललीस आणि मी ऐकलं. आता तुला ऐकावं लागेल आणि मधे तोंड घालता येणार नाही, एवढाच काय तो तुझ्या जाण्यातला माझा फायदा.

बाकी सगळा तोटाच. आठ दिवसांत मी तुला तीनदा फोन लावला, निव्वळ सवयीनं. दोनदा लक्षात आलं म्हणून कापला. तिसऱ्यांदा तुझ्या सुनेनं उचलला आणि मला काही सुचेना, म्हणून विचारलं, गॅस सिलिंडर आला का. ती बिचारी म्हणाली, आला मामा. मग दोघंही रडलो.

पेपरात तुझा फोटो आला, खाली छापलं होतं, प्रभूमध्ये निजल्या. मी दोनदा वाचलं. निजलेली तू मला आयुष्यात फारशी दिसली नाहीस. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझी नोकरी, मागं कोण कोण राहिलं, ते सगळं त्यात आहे. मला वेगळंच सांगायचंय. तू आजारपणात मला एक काम सांगितलंस आणि ते तुझ्या डोळ्यांदेखत माझ्याच्यानं झालं नाही.

आधीपासून सांगतो, म्हणजे तुझ्या नातवंडांनी कधी हे वाचलं तर त्यांनाही कळेल. आपले वडील, अण्णा, उपदेशक होते. अकोल्यातली आपली मंडळी, म्हणजे आपलं चर्च, छोटी, चाळीसएक घरांची. पाळकसाहेबांकडे अशा चार मंडळ्या, त्यामुळे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या विधीला यायचे आणि उरलेले रविवार अण्णा सांभाळायचे. अण्णा बोलायला लागले की रस्त्यावरचा फळवाला गाडी थांबवून खिडकीशी उभा राहायचा. ते गेले, त्याच आठवड्यात शांतवनभाऊ घरी आले. शांतवनभाऊ तेव्हाही मंडळीच्या कमिटीचे प्रमुख होते आणि आजही तेच आहेत. त्यांनी अण्णांचं शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, कपाटावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं. तू तिथंच उभी होतीस, चहाचा ट्रे घेऊन. शास्त्र मला आणि ट्रे तुला, अशी वाटणी झाली. कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

वास्तविक आवाज तुझ्याकडे आला होता. आवाज, धाडस, माणूस बघताच त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, सगळं तुझ्याकडे. मी गणिताचा मास्तर. अमरावतीच्या शाळेत फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून उभं राहण्यात माझी हयात गेली. शनिवारी अकोल्याला यायचो, रविवारी उपदेश करायचो. माझा उपदेश म्हणजे भूमितीचं प्रमेय. पक्ष, साध्य, सिद्धता, आणि शेवटी आमेन. आमेन ऐकलं की लोक दचकून जागे व्हायचे. तू पहिल्या बाकावर बसून डोळे वटारून मागं बघायचीस, म्हणजे निदान घोरणं तरी थांबावं.

आणि तुझ्या आवाजाचं मंडळी काय करत होती? पिकाच्या सणाला लोक आपापल्या वावरातलं पहिलं पीक घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तो लिलाव तू करायचीस. "पाहा हा भोपया, शांतवनभाऊच्या पोटावानी गोल, कोन घेते?" सगळी मंडळी लोटपोट. भावजी गेल्यावर त्यांच्या जागी तू बसवर कंडक्टर झालीस, तिथंही तोच आवाज. भोपळे विकायला तो चालत होता, तिकिटं फाडायला चालत होता. वचन सांगायला मात्र मी.

मग ते चिखलदऱ्याचं शिबिर आलं. पाळकसाहेब कुठल्याशा प्रशिक्षणाहून एक प्रश्नावली घेऊन आले होते. पवित्र आत्मा प्रत्येकाला सेवेसाठी काही ना काही कृपादान देतो, कोणाला उपदेश, कोणाला दया, कोणाला आतिथ्य, कोणाला व्यवस्था. आपल्याला काय मिळालंय, आपला स्वभाव कोणत्या कामाचा आहे, ते या प्रश्नांवरून कळणार. साठ वाक्यं. प्रत्येकापुढं शून्य ते तीन गुण. भाषांतर मी केलं आणि बेरजाही मीच करायच्या होत्या.

आपल्या लोकांनी त्या कागदाचं काय केलं, ते आठवून तू पुढं कित्येक वर्षं हसायचीस. त्यांना वाटलं, ही परीक्षा आहे. संडे स्कूलपासून सवय. तिसऱ्या बाकावरच्या नऊ जणांनी एकमेकांचं बघून लिहिलं आणि नवांनाही एकच कृपादान निघालं, तेही भाषांतर करण्याचं. त्यातल्या सहा जणांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. शांतवनभाऊंनी नापास व्हायला नको म्हणून सगळीकडे तीन लिहिले, त्यामुळे आत्म्याची यच्चयावत दानं एकट्या शांतवनभाऊंना मिळाली.

त्या गठ्ठ्यात दोनच कागद प्रामाणिक होते, तुझा आणि माझा. संध्याकाळच्या चहानंतर सगळे दरी बघायला गेले आणि मी व्हरांड्यात बेरजा करत बसलो. तुझ्या कागदावर उपदेशाला पैकीच्या पैकी. आतिथ्याला दोन. माझ्या कागदावर दयेला सगळ्यात जास्त आणि उपदेशाला एक. एक, ताई! तोही मी लाजेकाजेस्तव दिलेला. मी गणिताचा माणूस, बेरीज पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. आकडा काही हलला नाही.

मला अण्णा दिसले. शास्त्र हातात देणारे शांतवनभाऊ दिसले. हा एक जर उद्या सगळ्यांसमोर वाचून दाखवला, तर मी कोण उरतो, असं वाटलं. तू माझ्यापेक्षा वरचढ आहेस हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण ते आकड्यांत लिहिलेलं बघवलं नाही. मी यादीत लिहिलं, सुधाकर, उपदेश. सरोज, आतिथ्य. तुझा आणि माझा कागद घडी करून खिशात घातला आणि दरी बघायला गेलो. चिखलदऱ्याला गेलो आणि दरी पाहिली नाही, असं नको व्हायला.

दुसऱ्या दिवशी यादी वाचली तेव्हा तू उभी राहिलीस. "आतिथ्य? मले? अवो, मले तं पोहेबी धड जमत नाहीत." सगळे हसले. पाळकसाहेब म्हणाले, आत्मा दुर्बळांना सामर्थ्य देतो. आणि तू, जी कोणाच्या बापाला ऐकली नसतीस, ती त्या यादीला ऐकलीस. कारण ती यादी प्रार्थनेनं झाली होती असं तुला वाटत होतं. आजही मला खरोखर टोचतं ते तेच. माझ्या लबाडीपुढं नाही, देवापुढं मान वाकवलीस तू.

तीन वर्षं तू मंडळीचं स्वयंपाकघर सांभाळलंस आणि तीन वर्षं मंडळीनं तुझं वरण सोसलं. लोक ते जेवले आणि वर माझा उपदेश ऐकला. आपल्या मंडळीची श्रद्धा मोठी, म्हणून टिकली.

रविवारी संध्याकाळी अमरावतीला परतताना मी बहुतेक तुझीच बस धरायचो. एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे पुढच्या सीटवर एक मुलगी बसली होती, नर्सिंगच्या परीक्षेत नापास झालेली. दांडीला डोकं टेकून रडत होती. तू तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "पेपर नापास झाला, पोरी. तू नाई झाली. मास्तरले एकच कागद दिसला, देवाले अख्खी पोरगी दिसून राहिली."  मागं कोणीतरी तंबाखू मळत होतं, त्याचा हात थांबला. त्या मुलीनं डोळे पुसले. आणि मला कळलं, हे अण्णाच आहेत. अण्णा या गाडीत तिकिटं फाडतायत आणि त्यांचं शास्त्र माझ्या पिशवीत आहे.

तू माझ्याजवळ येऊन बसलीस तेव्हा मी सांगून टाकलं. एका दमात. तुझा कागद, माझा कागद, यादी, सगळं.

तू तिकिटांची पेटी मिटलीस. उभी राहिलीस, दोरी ओढलीस, घंटी वाजली. पुढं फाटा होता, गाडी थांबली. "उतर," म्हणालीस.

"ताई, माझं तिकीट अमरावतीचं आहे."

"तिकीट मीनंच फाडलं, मले ठाऊक आहे. उतर."

उतरलो. पुढची गाडी येईपर्यंत पाऊण तास त्या फाट्यावर उभा होतो आणि खरं सांगू, तिथं मला बरं वाटत होतं.

त्यानंतर चार महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. तुझी बस यायची, तू तिकीट द्यायचीस, सुटे पैसे द्यायचीस, आणि पुढं सरका म्हणायचीस. मी माफीची दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. शेवटी पिकाचा सण आला. पुढच्या टेबलावर संत्री, तुरीच्या पेंढ्या, कापूस, भोपळे मांडले होते आणि तू लिलावाच्या तयारीनं पदर खोचून पहिल्या बाकावर बसली होतीस. मी उपदेशाला उभा राहिलो. बारा पानं लिहून आणली होती. पहिल्या पानावरच तीन माणसं पेंगली. मी पानं मिटली.

"आजचा संदेश सरोजताई देईल," मी म्हणालो आणि खाली येऊन बसलो.

 शांतवनभाऊ उठले. "मास्तर, हे काय लावलं? आपल्या मंडळीत बाई वचन सांगत नाई. अन् हे तं आपल्या घरच्या बोलीत सांगीन, मले-तुले करत!"

"भाऊ, ती बोलेल किंवा मी बोलेन. तुम्ही सांगा," मी म्हणालो. मागून कोणीतरी पटकन म्हणालं, "ताईले बोलू द्या." लोकांनी तुझी बाजू घेतली की माझ्यापासून सुटका करून घेतली, ते मी अजून विचारलेलं नाही.

तू उठलीस. व्यासपीठाला हात लावलास, लोकांकडे पाहिलंस आणि पहिलं वाक्य बोललीस, "मांगचे पुढं सरका. इथं जागा खाली आहे अन् तुमी तिथं दाटीनं बसून राहिले. उतराची घाई आहे काय?" माणसं खरोखर उठून पुढं आली. मग तू बायबलातली विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितलीस. "भर दुपारी एकटी पान्याले येत होती थे. काहून? गावातल्या बायाईले तिचं तोंड नको होतं. तोंडाय होती ना! अन् प्रभूनं धरलं कोनाले? तिलेच. तिचं तोंड त्यानं बंद नाई केलं. थे घागर टाकून गावात पयाली अन् सांगत सुटली. ज्या तोंडानं गाव बेजार होतं, त्याच तोंडानं गाव त्याच्यापाशी आनलं. मंग मले सांगा, देवानं तिले नवं तोंड देल्लं काय? तोंड जुनंच होतं. सांगाची गोष्ट नवी होती."

सतरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं, खोड आहे. एक माणूस पेंगला नाही. शांतवनभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. पुढच्या रविवारी कोण बोलणार, असं त्यांनीच तुला विचारलं, आणि पुढची नऊ वर्षं ते पुन्हा कधी विचारावं लागलं नाही.

माझ्यापाशी येऊन तू मात्र हळूच म्हणालीस, "बलावलं म्हनजे माफी झाली, असं नको समजू." पण बोललीस. चार महिन्यांनी बोललीस. मला तेवढ्यानं आभाळ ठेंगणं झालं.

आता माझं काय करायचं, हा प्रश्न होता. अण्णांचं शास्त्र मी तुला दिलं आणि रविवार रिकामे झाले. मी तुझ्यासमोर रडगाणं लावलं की माझ्याकडे काहीच नाही. तू वैतागलीस. "बह्याडा, माय दवाखान्यात होती तेवा काय म्हने ठाऊक आहे? सरोज आली की बरं वाटते, पन थकाले होते. सुधा बसला की झोप लागते."

"म्हणजे माझ्या उपदेशासारखंच."

"हाव. पन तिथं झोप पायजे होती."

असं हसलो आपण, ताई, की भावजींच्या फोटोसमोर मला लाज वाटली. मग तू अमरावतीला आलीस, मला धरून दवाखान्यात नेलंस, हाड मोडलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खाटेजवळ स्टुलावर बसवलंस आणि म्हणालीस, "दोन घंटे बस. तोंड उघडू नको." तू निघून गेलीस. मी बसलो. अर्ध्या तासानं ते म्हातारे म्हणाले, "तुमी काहीच काहून नाई बोलत?" मी म्हणालो, मला बोलता येत नाही. "बरं आहे मंग," ते म्हणाले. "सकायपासून लय लोक बोलून गेले. बसा." आणि ते झोपले.

तेव्हापासून दर रविवारी जातो. मला कंटाळा येत नाही. मास्तर म्हणून जे माझे दोष होते, हळू बोलणं, माणसांना घाबरणं, एकाच जागी तासन् तास चिकटून राहणं, ते तिथं कामाला येतात. परवा एका मुलीनं नर्सला सांगितलं, ते न बोलणारे सर आले का बघा. असं कोणी व्यासपीठावर असताना माझ्याबद्दल विचारलं नव्हतं.

आपला वाद मात्र अर्धाच राहिला. बडनेऱ्याच्या फलाटावर चहा पिताना तो नेहमी निघायचा. तू म्हणायचीस, "देव बाहेरून बैल नाई आनत. घरच्याच बैलाले जू लावते." मी म्हणायचो, आणि बैल मारका असला तर? स्वभाव म्हणजेच कृपादान, असं म्हटलं तर मग सुधारायचं कोणी? तू चिडायचीस, पण तुला उत्तर द्यावं लागत होतं, कारण ते तरुण जोडपं आपल्या दोघांनाही आठवत होतं. लग्न मोडायला निघालेल्या त्या दोघांना तू व्यासपीठावरून नावानिशी झापलंस आणि ती दोघं मंडळी सोडून गेली. तुझ्या तोंडानं गाव आणलं, तसं दोन माणसांना घालवलंही. मी ते तुला तोंडावर सांगितलं. तू आठ दिवस धुसफुसलीस आणि नवव्या दिवशी एकटी त्यांच्या घरी गेलीस. काय बोललीस, ते तू कधी सांगितलं नाहीस. पुढच्या महिन्यात ती दोघं परत आली आणि तू त्यांच्याकडे न बघता उपदेश केलास, हे तुझ्या मानानं फारच झालं. म्हणजे बैल घरचाच होता हे खरं, पण शिंगांना गोंडे आत्म्यानंच बांधले. वाद मी जिंकला, असं मी म्हणत नाही. पण तू हरली नव्हतीस, असं तू म्हणून दाखव आता.

शेवटचं वर्ष डायलिसिसचं. त्या खोलीत तू सुईला बांधलेली, पण तोंड मोकळं. आजूबाजूला पाच-सहा माणसं तशीच बांधलेली, त्यांना पळायला जागा नाही. तू म्हणायचीस, "अशी मंडळी कोन्या उपदेशकाले भेटली नसन." त्यांची नावं, गावं, मुलाबाळांची लग्नं, तुला सगळं पाठ. मी तुझ्याजवळ स्टुलावर बसायचो, गप्प. तुला गप्प माणूस सहन व्हायचा नाही, पण शेवटच्या सहा महिन्यांत तू मला बोल म्हणाली नाहीस.

आणि त्यातल्याच एका दुपारी ते काम सांगितलंस. "कागदाचं मले सांगतलं तू. मंडळीले नाई सांगतलं. थे यादी अजून कपाटात आहे, सुधा. तिच्यावरूनच कामं वाटून राहिले अजून. ज्या पोरीचं नाव आतिथ्यात, थे जन्मभर चुलीपाशी. माह्यासाठी नको सांगू. त्याईच्यासाठी सांग."

मी हो म्हणालो. सणाला सांगतो म्हणालो, मग ईस्टरला सांगतो म्हणालो. प्रत्येक वेळी उभा राहायचो आणि नुसत्या सूचना वाचून खाली बसायचो. तुझ्यासमोर कबूल करणं जमलं, कारण तू ओरडणार हे ठाऊक होतं. त्या सगळ्या भल्या माणसांसमोर नाही जमलं. आणि तू मंगळवारी पहाटे गेलीस.

तर आता सभा. काल झाली. हॉल भरला होता. बसचे ड्रायव्हर, कंडक्टर आले होते, डायलिसिसच्या खोलीतले दोघं हातावर पट्ट्या बांधून आले होते, ते जोडपं आलं होतं. पाळकसाहेब छान बोलले. मग म्हणाले, सुधाकर मास्तर भाऊ म्हणून दोन शब्द सांगतील. मी उभा राहिलो. हातात एकही पान नव्हतं.

मी सांगितलं. चिखलदरा, व्हरांडा, बेरजा, एक आणि पैकीच्या पैकी, खिशात घातलेले कागद. घाबरून केलं, हेवा वाटला म्हणून केलं, हेही सांगितलं. तीन वर्षं तुम्ही जे वाईट वरण खाल्लं ते माझ्यामुळं, असं म्हणालो तेव्हा कोणीतरी हुंदक्यातच हसलं. मग म्हणालो, कपाटातली यादी खोटी आहे. ती काढून टाका आणि कोण काय करू शकतं ते माणसाकडे बघून ठरवा.

 मग शांतवनभाऊ काठी टेकत उभे राहिले. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"कागद मास्तरनं बदलला," ते म्हणाले. "पन आपल्याले कान होते ना? लहानपनापासून आयकून राहिलो तिले. आमी कोन्या कागदाची वाट पाहून राहिलो होतो? मास्तरची चूक एका दिवसाची आहे. माही तीस वर्साची आहे. थे यादी आना."

यादी आणली. तिला मीच प्लास्टिकचं लॅमिनेशन करून ठेवलं होतं, टिकावी म्हणून. शांतवनभाऊंनी फाडायचा प्रयत्न केला, फाटेना. दोघा ड्रायव्हरांनी ओढून पाहिली, तरी फाटेना. शेवटी भाऊंनी ती चौघडी करून कोटाच्या खिशात कोंबली आणि म्हणाले, "माह्यासंगं जाईन हे. मास्तर, अजून काही सांगाचं आहे?"

आहे, म्हणालो. आणि ताई, मी सगळ्या मंडळीकडे तोंड करून म्हणालो, "अण्णांनंतर या मंडळीत एकच उपदेशक झाला, आणि ती माझी बहीण होती. मी तिचा भाऊ. मला एवढं पुरे आहे."

बायकांच्या बाकांवरून सुरुवात झाली. एक, मग चार, मग सगळा हॉल, ते डायलिसिसवाले दोघं पट्टीचा हात मांडीवर आपटून. टाळ्या, ताई. शोकसभेत कोणी टाळ्या वाजवत नाही. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, थांबवा म्हणून. मी थांबवल्या नाहीत.